60 टक्के युरेनियम म्हणजे वाट किती चालून झाली?

जून 2025 मध्ये इस्रायलने आणि पाठोपाठ अमेरिकेने इराणच्या आण्विक ठिकाणांवर हल्ले केले, तेव्हापासून एक आकडा बातम्यांत सारखा डोकावतो: 60 टक्के समृद्ध युरेनियम, सुमारे 440 किलो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने हल्ल्यांच्या तोंडावर केलेला हा अंदाज. टीव्हीवरच्या चर्चेत एक जण म्हणतो, बॉम्बला 90 टक्के लागतं, म्हणजे अजून बराच पल्ला आहे. दुसरा म्हणतो, छे, थोड्या दिवसांचं काम. ऐकणाऱ्याने काय समजायचं? 60 आणि 90 यांत तीस गुणांचा फरक, म्हणजे पहिला वक्ताच बरोबर वाटतो. प्रत्यक्षात दुसरा सत्याच्या जास्त जवळ आहे. का, ते कळायला अणूच्या पोटात थोडं शिरावं लागेल. फार खोल नाही.

एकाच नावाचे दोन अणू

अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं. त्यात धन विद्युतभाराचे प्रोटॉन आणि भार नसलेले न्यूट्रॉन दाटीवाटीने बसलेले असतात. मूलद्रव्य कोणतं, हे प्रोटॉनची संख्या ठरवते. 92 प्रोटॉन असले की ते युरेनियम; न्यूट्रॉन किती का असेनात.

पण न्यूट्रॉन कमीजास्त असू शकतात. 92 प्रोटॉन आणि 146 न्यूट्रॉन मिळून झालं युरेनियम-238. त्याच 92 प्रोटॉनांबरोबर 143 न्यूट्रॉन असले की युरेनियम-235. एकाच मूलद्रव्याच्या अशा भावंडांना समस्थानिकं म्हणतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती जुळी आहेत. एकाला जे आम्ल विरघळवतं ते दुसऱ्यालाही विरघळवतं. फरक फक्त तीन न्यूट्रॉनांच्या वजनाचा.

खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये 238 चं प्रमाण 99.27 टक्के असतं आणि 235 चं फक्त 0.72 टक्के. (234 नावाचं तिसरंही आहे, पण नावापुरतं.) हे 0.72 वाढवत नेणं म्हणजे समृद्धीकरण. सगळं राजकारण या एका कृतीभोवती फिरतं.

235 मध्ये एवढं काय आहे?

डिसेंबर 1938 मध्ये बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा करत होते. त्यांना त्यात चक्क बेरियम सापडलं. युरेनियमच्या जेमतेम निम्म्याहून थोड्या जास्त वजनाचं मूलद्रव्य तिथे आलं कुठून? हानची जुनी सहकारी लिझ माइटनर ज्यू असल्यामुळे जर्मनी सोडून स्वीडनला गेली होती. तिने आणि तिचा भाचा ओटो फ्रिश याने नाताळच्या सुट्टीत त्याचा उलगडा केला: केंद्रक दुभंगतंय. यालाच विखंडन म्हणतात. 1944 चं नोबेल मात्र एकट्या हानला मिळालं. माइटनरवर झालेला हा अन्याय आजही सलतो.

विखंडनाचे दोन परिणाम महत्त्वाचे. पहिला, ऊर्जा. कोळशातला कार्बनचा एक अणू जळताना जेवढी ऊर्जा देतो, त्याच्या सुमारे पाच कोटी पट ऊर्जा युरेनियमचा एक अणू फुटताना बाहेर पडते. दुसरा परिणाम अधिक कळीचा: फुटताना सरासरी दोन-अडीच नवे न्यूट्रॉन सुटतात. ते शेजारच्या अणूंना फोडतात, त्यांतून आणखी न्यूट्रॉन निघतात. ही साखळी प्रक्रिया.

आता 235 आणि 238 मधला भेद. 235 ला कसलाही न्यूट्रॉन चालतो. संथ न्यूट्रॉन तर जास्तच मानवतो. 238 ला फोडायला वेगवान न्यूट्रॉन लागतो, आणि तोही बहुतेक वेळा त्याला न फोडता फक्त धक्का देऊन निघून जातो किंवा त्याच्यात गडप होतो. म्हणजे साखळीच्या दृष्टीने 238 ही नुसती गर्दी नाही, ती न्यूट्रॉन गिळणारी गर्दी आहे. नैसर्गिक युरेनियमचा ढीग कितीही मोठा रचला तरी नुसत्या त्या ढिगात साखळी टिकत नाही, ती याचमुळे.

त्यावर इलाज दोन. गर्दी कमी करा, किंवा न्यूट्रॉन इतके संथ करा की 238 च्या तावडीतून निसटून ते 235 ला सापडतील. संथ करणाऱ्या पदार्थाला मंदायक म्हणतात: साधं पाणी, जड पाणी किंवा ग्रॅफाइट. अणुभट्ट्या हा दुसरा इलाज वापरतात, बऱ्याचदा पहिल्याच्या जोडीने. बॉम्बला संथपणा परवडत नाही. त्याला फक्त पहिला इलाज उरतो.

साडेबाराशे माणसांची पंगत

टक्क्यांचं कोडं इथे सुटतं. समजा लग्नाला 1250 माणसं जमली आहेत आणि त्यांत नवरीच्या मामाच्या गावची फक्त 9 आहेत. प्रमाण 0.72 टक्के, अगदी खाणीतल्या युरेनियमएवढं. या नऊ जणांना हात लावायचा नाही. बाकीच्यांना एकेक करून घरी पाठवायचं आणि पंगतीतला मामाच्या गावचा टक्का वाढवायचा.

5 टक्क्यांवर यायला पंगतीत 180 माणसं उरली पाहिजेत. म्हणजे 1070 जणांना उठवायचं. हे झालं साधारण वीजकेंद्राचं इंधन.

5 वरून 20 टक्क्यांवर जायला 45 माणसं उरावी लागतात. आणखी 135 जण उठवा.

20 वरून 60 वर जायला 15 माणसं उरवायची. फक्त 30 जण उठवा.

आणि 60 वरून 90 वर? नऊ मामाकडचे आणि एक परका, एकूण दहा. उठवायची माणसं पाच.

पाच! एकूण 1240 जणांना घालवायचं होतं. 60 टक्क्यांना त्यांतले 1235 गेलेले असतात. टीव्हीवरचे तीस गुण म्हणजे हे पाच जण.

जाणकार इथे एक दुरुस्ती सुचवतील आणि ती रास्त आहे. प्रत्यक्षात परक्यांबरोबर मामाकडचेही काही जण चुकून बाहेर जातात, म्हणजे टाकाऊ मालात थोडं 235 शिल्लक राहतं. म्हणून या कामाचे श्रम मोजायला वेगळं एकक आहे. टाकाऊत 0.3 टक्के 235 राहू दिलं असं धरून हिशेब केला, तर 90 टक्क्यांपर्यंतच्या एकूण श्रमांपैकी दोन तृतीयांश श्रम 5 टक्क्यांपर्यंतच खर्च झालेले असतात, 20 ला सुमारे नऊ दशांश आणि 60 ला 97 टक्के. आकडे थोडे सरकले, निष्कर्ष तोच राहिला. यातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट 60 ची नाही, 5 ची आहे: निव्वळ विजेसाठी म्हणून 5 टक्के समृद्धीकरण करणारा कारखानाही बरीचशी वाट चाललेला असतो.

उठवायचं कोणाला, हे ओळखायचं कसं?

इथे खरी मेख आहे. रसायनशास्त्राने या दोघांना वेगळं करता येत नाही. उरतो वजनातला फरक, तोही सव्वा टक्क्याचा. म्हणून आधी युरेनियमचा वायू करतात. युरेनियमच्या एका अणूला फ्लोरिनचे सहा अणू जोडले की युरेनियम हेक्झाफ्लोराइड तयार होतं. ते 56 अंश सेल्सियसच्या आसपास घनातून थेट वायू बनतं. फ्लोरिनच निवडायचं कारण असं की निसर्गात त्याचं एकच समस्थानिक आहे. त्यामुळे रेणूंच्या वजनात जो फरक पडेल तो फक्त युरेनियममुळे. पण सहा फ्लोरिनांचं ओझं चढल्यामुळे हा फरक आणखी कमी होतो: 349 विरुद्ध 352. एक टक्काही नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ओक रिज इथे यासाठी अवाढव्य कारखाने उभे केले. एका पद्धतीत मोठमोठे विद्युतचुंबक लागत होते आणि युद्धामुळे तांब्याची टंचाई होती. म्हणून वेटोळ्यांसाठी सरकारी खजिन्यातून तेरा हजार टनांहून जास्त चांदी उसनी आणली गेली. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बमधलं 64 किलो युरेनियम एवढ्या खटाटोपातून निघालं, आणि त्यातलं एक किलोसुद्धा प्रत्यक्ष फुटलं नाही.

आज हे काम सेंट्रिफ्यूज करतं. एक उभी, पातळ नळी निर्वातात गरागरा फिरते. जड रेणू किंचित जास्त प्रमाणात भिंतीकडे सरकतात, हलके मध्याकडे राहतात. इराणच्या जुन्या आयआर-1 जातीच्या यंत्रातली नळी मिनिटाला सुमारे 64,000 फेरे घेते. ती साधारण 10 सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे तिची भिंत जवळपास ध्वनीच्या वेगाने धावते. एवढ्या वेगात धातू कमकुवत असला, तोल जरा ढळला, तरी नळीच्या चिंधड्या उडतात. 2010 मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या संगणक विषाणूने इराणच्या नतांझ इथल्या समृद्धीकरण कारखान्यात नेमकं हेच साधलं: फेरे गुपचूप वाढवायचे, मग एकदम उतरवायचे, आणि नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर सगळं आलबेल दाखवायचं.

एका यंत्रात प्रमाण अगदी थोडं वाढतं. म्हणून दीडशे-पावणेदोनशे यंत्रं एकमेकांना जोडतात. एकातून निघालेला वायू पुढच्यात जातो. वरच्या टप्प्यांवर वायूच कमी उरलेला असल्यामुळे यंत्रंही कमी पुरतात. पंगतीचं गणित पुन्हा आलं.

मग 20 टक्क्यांवर रेघ का?

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या व्याख्येत 20 टक्क्यांखालचं ते कमी समृद्ध, 20 आणि त्यावरचं ते अतिसमृद्ध. ही रेघ माणसाने आखलेली आहे, पण मनाला येईल तशी नाही. तिच्यामागे क्रांतिक वस्तुमान आहे. साखळी आपल्या आपण चालू राहायला किमान जेवढा माल एकत्र लागतो, त्याला क्रांतिक वस्तुमान म्हणतात. शुद्ध 235 चा उघडा गोळा घेतला तर ते सुमारे 50 किलो भरतं. युरेनियम शिशाहूनही पुष्कळ जड असल्यामुळे हा गोळा जेमतेम 17 सेंटिमीटर व्यासाचा होतो. प्रमाण 20 टक्क्यांवर आलं की हेच वस्तुमान कित्येकशे किलोंवर जातं आणि बॉम्ब वाहून नेण्याजोगा राहत नाही. सुमारे 5-6 टक्क्यांखाली तर वेगवान न्यूट्रॉनांच्या बळावर साखळी चालतच नाही, माल कितीही घ्या.

तरीही 20 च्या वर गेलेला प्रत्येक जण बॉम्बच करतो असं नाही. अमेरिकी पाणबुड्यांच्या भट्ट्या 90 टक्क्यांहून अधिक समृद्ध इंधनावर चालतात, कारण मग वर्षानुवर्षं इंधन बदलावं लागत नाही. तेहरानमधली संशोधन भट्टी अमेरिकेनेच 1967 मध्ये दिलेली, आता ती 20 टक्क्यांच्या आसपासच्या इंधनावर चालते आणि रुग्णालयांसाठी किरणोत्सारी द्रव्यं बनवते. 2015 मध्ये अमेरिकेसह सहा देशांबरोबर झालेल्या अणुकरारात इराणने 3.67 टक्क्यांची मर्यादा मान्य केली होती. 2018 मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली, आणि एप्रिल 2021 पासून इराणने 60 टक्क्यांचं उत्पादन सुरू केलं. 60 टक्क्यांचा माल लागेल असं कोणतंही वीजकेंद्र इराणकडे नाही. संशय तिथे सुरू होतो.

वीजकेंद्राची भट्टी बॉम्बसारखी फुटेल का?

कोकणात अणुप्रकल्पांविषयीच्या सभांत हा प्रश्न हमखास येतो. उत्तर नाही असं आहे, पण त्यामागचं कारण सांगितलं जात नाही म्हणून ते पटत नाही.

एक कारण वर आलंच: 5 टक्क्यांच्या मालात वेगवान साखळी चालत नाही. दुसरं कारण मला अणुभौतिकीतलं सर्वांत देखणं वाटतं. विखंडनातले जवळजवळ सगळे न्यूट्रॉन तत्क्षणी सुटतात, पण 0.65 टक्के न्यूट्रॉन उशिरा येतात. अणूचे जे तुकडे झाले, त्यांतले काही तुकडे अर्ध्या सेकंदाने, काही मिनिटभराने एखादा न्यूट्रॉन सोडतात. भट्टी अशी बेतलेली असते की या उशिरा येणाऱ्यांवाचून साखळी टिकूच नये. ते नसते तर न्यूट्रॉनांत हजारात एक एवढी किंचित वाढ झाली तरी सेकंदाभरात भट्टीची शक्ती हजारो पट झाली असती. कुठलाही माणूस, कुठलंही यंत्र तिला आवरू शकलं नसतं. ते असल्यामुळे तीच वाढ सेकंदाला एखाद टक्क्याची होते, आणि न्यूट्रॉन शोषणारे नियंत्रक दांडे आत सरकवायला वेळ मिळतो.

म्हणजे अपघात होत नाहीत असं नाही. 26 एप्रिल 1986 ला चेर्नोबिलमध्ये सदोष रचना आणि बंद केलेल्या सुरक्षा यंत्रणा यांमुळे उशिराच्या न्यूट्रॉनांवाचूनच साखळी चालू लागण्याची सीमा ओलांडली गेली, शक्ती क्षणात अनेक पटींनी उसळली आणि वाफेच्या दाबाने भट्टी फुटली. तिथलं इंधन जेमतेम 2 टक्के समृद्ध होतं. हिरोशिमासारखा स्फोट तिथे झाला नाही. पण आत साठलेले विखंडनाचे तुकडे युरोपभर पसरले, आणि नुकसान त्यांनीच केलं. भीती बाळगायची तर या तुकड्यांची बाळगावी.

इतकं समृद्ध युरेनियम जवळ नेलं तरी माणूस मरत असेल?

हाही गैरसमज. युरेनियम-235 चं अर्धायुष्य सुमारे 70 कोटी वर्षं आहे. अर्धायुष्य म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ. अर्धायुष्य लांब असेल तेवढा पदार्थ जास्त घातक, असं लोकांना वाटतं. खरं नेमकं उलट आहे. जो हजारो पिढ्यांत सावकाश झिजतो, तो दर सेकंदाला फार थोडी किरणं सोडतो. अपघातात निसटणाऱ्या आयोडीन-131 चं अर्धायुष्य फक्त आठ दिवस आहे, आणि थायरॉइडला पहिल्या आठवड्यांत त्याचाच धोका मोठा. भट्टीत न गेलेल्या ताज्या इंधनाच्या गोळ्या कामगार हातमोजे घालून हाताळतात. भट्टीतून निघालेलं तेच इंधन मात्र पाण्याच्या खोल टाकीत ठेवावं लागतं, कारण आता त्यात ते तुकडे आहेत.

सेंट्रिफ्यूजच्या कारखान्यातला मोठा धोका रासायनिक आहे. हेक्झाफ्लोराइड हवेतल्या ओलाव्याला भेटलं की हायड्रोफ्लोरिक आम्लाची वाफ होते, आणि ती फुप्फुसं जाळते. इराणवरच्या हल्ल्यांनंतर त्या ठिकाणांबाहेर किरणोत्सार वाढल्याचं आढळलं नाही, यात गूढ काही नाही.

अर्धायुष्याची एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. 235 हे 238 पेक्षा लवकर झिजतं, म्हणजे मागे जावं तसं त्याचं प्रमाण जास्त होतं. दोनशे कोटी वर्षांपूर्वी निसर्गातलंच युरेनियम तीन टक्क्यांहून अधिक समृद्ध होतं. आफ्रिकेत गॅबॉनमधल्या ओक्लो इथे जमिनीतलं पाणी त्याला मंदायक म्हणून मिळालं आणि दगडांतच भट्टी पेटली. ती थांबत-थांबत लाखो वर्षं चालली. 1972 मध्ये फ्रान्समध्ये तपासणीत त्या खाणीच्या मालात 0.7202 ऐवजी 0.7171 टक्के 235 भरलं, तेव्हा हे उघडकीला आलं.

तारापूर: एकाच कुंपणात दोन वाटा

भट्टीत समृद्ध युरेनियम घालायचं की खाणीतलंच, हे दोन्ही मार्ग पाहायचे तर पालघर जिल्ह्यात. तारापूरची पहिली दोन युनिटं 1969 ची, अमेरिकी बनावटीची. मंदायक साधं पाणी. साधं पाणी न्यूट्रॉन संथ करतं, पण काही गिळतंही, म्हणून इंधन समृद्ध लागतं, आणि ते अमेरिकेकडून यायचं होतं. 1974 ला पोखरण झालं, 1978 मध्ये अमेरिकेने कायदा कडक केला आणि पुरवठा आटला. पुढे फ्रान्स, मग चीन, मग रशिया अशी दारं ठोठवावी लागली.

शेजारची तिसरी आणि चौथी युनिटं 2005-06 मध्ये सुरू झाली, प्रत्येकी 540 मेगावॉटची. त्यांत खाणीतलंच युरेनियम चालतं, समृद्धीकरण शून्य. युक्ती पाण्यात आहे. जड पाण्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन आधीच असल्यामुळे ते न्यूट्रॉन गिळायला फारसं उत्सुक नसतं. निसर्गात सुमारे 6,400 हायड्रोजन अणूंमागे असा जड अणू एकच. म्हणजे निवडण्याचा उद्योग सुटला नाही, युरेनियमऐवजी पाण्यावर ढकलला. पण इथे वजनातला फरक दुपटीचा आहे, त्यामुळे काम पुष्कळ सोपं. रायगड जिल्ह्यातल्या थळला खतकारखान्याला जोडून असलेला प्रकल्प अमोनिया वापरून हेच करतो. इंधनासाठी कोणाच्या दारात जायला नको, म्हणून भारताने ही वाट धरली.

मग समृद्धीकरण नसेल तर बॉम्बचीही काळजी नाही?

दुर्दैवाने असं नाही. न्यूट्रॉन गिळणाऱ्या 238 चं पुढे काय होतं, ते आपण मघाशी सोडून दिलं होतं. गिळल्यावर त्याचं युरेनियम-239 होतं, काही मिनिटांत नेपच्युनियम, आणि काही दिवसांत प्लुटोनियम-239. हे 235 सारखंच फुटतं, आणि वेगळं मूलद्रव्य असल्यामुळे रसायनशास्त्राने बाजूला काढता येतं. नागासाकीचा बॉम्ब प्लुटोनियमचा होता. पोखरणच्या 1974 च्या चाचणीतलं प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस भट्टीतून आलं होतं. कॅनडाने दिलेली भट्टी, अमेरिकेने दिलेलं जड पाणी, नैसर्गिक युरेनियम. आण्विक माल पुरवणाऱ्या देशांचा गट स्थापन झाला तो त्या चाचणीनंतर.

फरक लपवाछपवीत आहे. प्लुटोनियमला मोठी भट्टी लागते, ती उष्णता सोडते, उपग्रहांना दिसते. शिवाय जळालेलं इंधन विरघळवणारा जाड भिंतींचा कारखाना लागतो. सेंट्रिफ्यूजचा हॉल मात्र एखाद्या मध्यम कारखान्याएवढा, इराणच्या फोर्दो इथल्या कारखान्यासारखा डोंगराच्या पोटातही मावणारा. आणि तयार माल तर आणखी लहान. 60 टक्क्यांचं सुमारे 42 किलो युरेनियम आणखी समृद्ध केलं तर सैद्धांतिकदृष्ट्या एका बॉम्बला पुरतं. म्हणजे 440 किलोत दहाएक. हे 440 किलो घन हेक्झाफ्लोराइडच्या रूपात जेमतेम 130 लिटर जागा घेतं. दोनशे लिटरच्या पिंपातही ते मावलं असतं. पण सगळं एकत्र ठेवलं तर साखळी सुरू होण्याचा धोका, म्हणून छोट्या सिलिंडरांत विभागून, अंतर राखून ठेवतात. असे सिलिंडर ट्रकमधून कुठेही नेता येतात. त्यामुळे निरीक्षकांची विचारणा टक्क्यांवर थांबत नाही: कुठल्या सिलिंडरमध्ये किती वजन, तो शेवटचा कधी मोजला, आणि सील शाबूत आहे का.